बागेतलं नॅरोगेज डिझेल : जोडणी, रंग आणि माथेरानची धूळ

नेरळ-माथेरानचा लोहमार्ग दोन फुटी, म्हणजे ६१० मि.मी. गेजचा (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर). बागेतल्या रेल्वेसाठी ३२ मि.मी. गेजचा रूळ तयार मिळतो. ६१० ला ३२ ने भागलं की जवळपास नेमके १९ येतात, त्यामुळे एका फुटाला १६ मि.मी. या प्रमाणात बांधलेलं इंजिन त्या रुळावर मापात शोभतं. ४५ मि.मी. वर १:२२.५ ची मॉडेलं धावतात, पण ती मीटरगेजची. मुंबईत राहून नॅरोगेजचा नाद करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर माथेरानच असतं, म्हणून मी ३२ मि.मी. ची वाट धरली.

मी घेतलेलं किट एका छोट्या चारचाकी डिझेल शंटरचं, म्हणजे यार्डात डबे हलवणाऱ्या इंजिनाचं. ते माथेरानच्या कुठल्या एका इंजिनाचं मॉडेल नव्हे. तिथली मूळ चार वाफेची इंजिनं ओरेनस्टाइन उंड कोपेल कारखान्याची, १९०७ साली मार्ग सुरू झाला त्या काळातली. पुढे १९५० च्या दशकात युंग कारखान्याची डिझेल इंजिनं बनून आली. माझं शंटर कल्पित आहे. नेरळच्या यार्डातून खडीचे दोन डबे घेऊन रूळदुरुस्तीच्या कामावर जाणारं, रंगाला फार कुणी जपत नाही असं इंजिन. इंजिनाचं काम असं आधी ठरवलं नाही तर वेदरिंग, म्हणजे वापराच्या आणि हवामानाच्या खुणा रंगवणं, फसतं. गंज, तेल, काजळी, धूळ या प्रत्येकाला कारण असतं, आणि जो डाग कशामुळे पडला ते सांगता येत नाही तो मी देत नाही. हा नियम चौकट जोडतानाही उपयोगी पडतो, कारण तेल कुठून गळणार आणि पाणी कुठे साचणार हे तिथेच ठरतं.

किटमध्ये पितळी पाट्यांची चौकट, ४ मि.मी. चे दोन एक्सल, २८ मि.मी. व्यासाची चार पोलादी चाकं, वर्म गिअर लावलेली मोटर, प्लॅस्टिकची साखळी आणि दोन स्प्रॉकेट (साखळीची दातेरी चाकं), २ मि.मी. बर्च प्लायचं कापलेलं बॉडीचं सामान, व्हाइट मेटलचे बफर आणि जाळी, शिवाय दांड्यांसाठी पितळी तार असा ऐवज होता. उरलेलं मुंबईत मिळतं. एम२ चे स्क्रू, टॅप, बारीक कानशी आणि ड्रिल नागदेवी स्ट्रीटला. बॅटरी होल्डर, स्विच, वायर लॅमिंग्टन रोडला. ऑइल कलर, ब्रश, मास्किंग फ्लुइड (सुकून रबरासारखं होणारं द्रव) अब्दुल रेहमान स्ट्रीटला.

पाट्यांच्या कडेला धस असते. ती कानशीने काढल्याशिवाय खाचा एकमेकींत बसत नाहीत, आणि जोर लावून बसवल्या की पाटी वाकते. चौकट जाड काचेवर ठेवून आधी चार कोपऱ्यांना नुसते टाके मारावेत, दोन्ही कर्ण मोजावेत, अर्ध्या मि.मी. पेक्षा जास्त फरक नसेल तरच जोड पूर्ण करावेत. सोल्डरिंग आयर्न ६० वॉटचं तरी हवं. २५ वॉटच्याने पितळ पुरेसं तापत नाही, सोल्डर पाझरण्याऐवजी गोळा होऊन वरच बसतो आणि जोड पहिल्या धक्क्याला सुटतो. व्हाइट मेटलच्या भागांना मात्र हे आयर्न दाखवूही नये, ते वितळून जातात. ते एपॉक्सीनेच चिकटवायचे. काम झालं की त्याच दिवशी फ्लक्स, म्हणजे सोल्डर धरावा म्हणून लावलेलं आम्लयुक्त द्रव, धुऊन काढायचा. कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि जुना टूथब्रश पुरतो. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत आम्लाचा अंश राहिला तर जोडावर हिरवट थर धरतो आणि पुढे त्याच्यावरचा रंग पापुद्र्याने निघतो. दोष मग रंगाला दिला जातो.

चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर २८ मि.मी. हवं. ॲल्युमिनियमचा बरोबर २८ मि.मी. रुंदीचा तुकडा मध्ये धरून चाकं दाबली की दर वेळी व्हर्नियर लावायला नको. अंतर २७ झालं तर सांध्यावर, म्हणजे रूळ फुटतात तिथे, आतून लावलेल्या चेक रेलवर चाक अडकून वर चढतं. २९ झालं तर फ्लँज (चाकाची बाहेर आलेली कड) क्रॉसिंगच्या नाकाला, म्हणजे दोन रूळ मिळतात त्या टोकाला, धडकते. दोन्हीमुळे इंजिन घसरतं, पण वेगवेगळ्या जागी, त्यामुळे इंजिन नेमकं कुठे घसरलं ते नीट पाहिलं की दोष कळतो.

चारही चाकं काचेवर एकाच वेळी टेकली पाहिजेत. गच्चीवरचा रूळ घरातल्या टेबलाइतका सपाट कधीच नसतो, म्हणून साखळीने फिरणाऱ्या पुढच्या एक्सलच्या बुशांना (एक्सल ज्यांत फिरतं त्या कड्यांना) मी उभट खाचा केल्या, मि.मी. भर वर-खाली हलतील एवढ्याच, आणि चौकटीच्या मधोमध एक टेकण दिलं. एक्सल त्या टेकणावर डोलतं, एक बाजू उंच झाली तरी दुसरं चाक रूळ सोडत नाही.

साखळी घट्ट बसवण्याचा मोह होतो. साखळी मधोमध बोटाने दाबली की २-३ मि.मी. खाली जायला हवी. घट्ट साखळी एक्सलला मोटरकडे ओढते, बुश घासतात आणि बॅटरी लवकर संपते. फारच सैल झाली तर चढावर दात सोडते. खात्री करायची तर मल्टिमीटर लावून इंजिन उलटं धरावं, आधी साखळीविना आणि मग साखळीसह प्रवाह मोजावा. आकडा थोडासा वाढेल. दीडपट झाला तर स्प्रॉकेट एका रेषेत नाहीत किंवा ताण जास्त आहे.

वेगाचा हिशोब सोपा आहे. यार्डातलं इंजिन ताशी १५ कि.मी. ने चालावं. त्याला १९ ने भागलं की सेकंदाला २२ सें.मी. २८ मि.मी. च्या चाकाचा परीघ ८८ मि.मी., म्हणजे चाकाने मिनिटाला दीडशे फेरे मारायचे. भाराखाली ४५०० फेरे देणाऱ्या मोटरला ३०:१ चा गिअर लागतो. बाजारात १०:१ चे गिअर स्वस्त मिळतात, पण त्यांनी हे शंटर राजधानी एक्सप्रेससारखं पळतं आणि हळू चालवायला गेलं की गचके खातं. वीज चार एए आकाराच्या निकेल-मेटल-हायड्राइड सेलची, एकूण ४.८ व्होल्ट. २००० मिलिअँपिअर-अवरचे सेल सरासरी साडेतीनशे मिलिअँपिअरला पाच तासांच्या वर चालतात. लिथियम हलकं आणि दमदार असतं खरं, पण मे महिन्यात गच्चीच्या उन्हात बंद बॉडीखाली जे तापमान होतं त्यात ते ठेवणं मला पटत नाही. शिवाय इथे हलकेपणा काय कामाचा? इंजिनाला वजन हवंच असतं.

पोलादी चाक कोरड्या रुळावर ढोबळमानाने वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढी ओढ देतं. दीड किलोचं इंजिन ३०० ग्रॅम ओढेल. माथेरानसारखा १:२० चा चढ घेतला तर त्यातले ७५ ग्रॅम स्वतःलाच वर नेण्यात जातात. उरले सव्वादोनशे. डब्यांच्या दर किलोला चढाचे ५० आणि घर्षणाचे साधारण २५ ग्रॅम धरले तर तीन किलोची गाडी चढते. पावसाळ्यात रुळावर शेवाळाचा पातळ थर आला की चाकाची पकड निम्म्यावर येते आणि तेच इंजिन जेमतेम एक किलो ओढतं. म्हणून बागेत एवढा चढ देऊच नये. १:५० पर्यंत गाडी सुखाने चालते. वजनासाठी मासेमारीच्या जाळ्यांना लावतात ते शिशाचे मणी चांगले. ते एपॉक्सीतच बसवायचे. सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदातून ॲसेटिक आम्ल सुटत राहतं, शिसं त्याने पांढरं पडून फुगतं आणि काही वर्षांत बॉडीचे जोड आतून उकलतं. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि हे काम स्वयंपाकघरात करू नये.

प्लायची बॉडी इथल्या हवेत टिकवायची तर जोडण्याआधीच प्रत्येक तुकडा दोन्ही बाजूंनी सीलबंद करावा लागतो. एकच बाजू रंगवली तर दुसरी ओल पिते आणि तुकडा पन्हाळीसारखा वाकतो. पृष्ठभागाला सँडिंग सीलरचे दोन हात, कडांना तीन. बॉनेटच्या खालच्या कडा आणि केबिनच्या दाराची चौकट या जागी मी आधी पातळ इन्स्टंट ग्लू जिरवतो, कारण पाणी तिथेच थांबतं. जोड संथ सुकणाऱ्या एपॉक्सीने करावेत. पाच मिनिटांचं एपॉक्सी ओलीला आणि उन्हाला कमी टिकतं. केबिनचं छप्पर चिकटवू नये, लोहचुंबकावर ठेवावं. बॅटरी बदलायला तिथूनच हात घालावा लागतो. दांड्या तारेच्या करून त्यांची टोकं फळीच्या आत वाकवावीत, नुसत्या चिकटवलेल्या दांड्या इंजिन उचलताना हातात येतात.

आता रंगाला हात घालण्याची घाई होते, पण त्याआधी इंजिन बिनरंगाचंच दोन-तीन संध्याकाळी चालवावं. सुरुवातीला चाकं अधांतरी ठेवून अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे, मग रुळावर. गिअर रुळतात हा एक फायदा. दुसरा वेदरिंगच्या दृष्टीने मोठा आहे. बुशांतून उडालेलं तेल चौकटीवर कुठे बसतं, चाकांची धूळ कुठवर उडते, इंजिन उचलताना बोटं कुठे लागतात, हे सगळं दिसतं. त्याचा फोटो काढून ठेवावा. पुढे रंगाने जे करायचं त्याचा तो नकाशाच असतो.

रंगाच्या बाबतीत मुंबईत ऋतू पाहावा लागतो. जून ते सप्टेंबर बहुतेक वेळ हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. ड्युको या झटपट सुकणाऱ्या रंगातलं थिनर भराभर उडतं, पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि रंग पांढरा पडतो. रिटार्डर (सावकाश उडणारं) थिनर घातलं तर थोडं निभावतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेही दुपारी दोन ते चार, ही खरी वेळ. पितळी चौकटीला एचिंग प्रायमर (धातूला किंचित खाऊन घट्ट धरणारा), प्लायला प्रायमर सरफेसर, फटींत लांबी (पुटी), मग ४०० आणि ८०० नंबरचा वॉटर पेपर. प्रायमर निदान एक दिवस सुकू द्यावा. एनॅमलवर ड्युको कधीही मारू नये, खालचा थर उचलला जाऊन सुरकुत्या पडतात. ड्युकोवर एनॅमल मात्र चालतं.

मी गडद हिरवा रंग घेतला, कारण लाल माती त्यावर उठून दिसते. छपरावर आणि बॉनेटच्या वरच्या भागावर हाच रंग दहा टक्के फिकट करून पुन्हा हलका फवारला. फिकट करायला पांढरा घालू नये, रंग खडूसारखा निर्जीव होतो. पिवडीकडे झुकणारा बदामी रंग घातला की ऊन खाल्लेला हिरवा मिळतो. मग सगळ्यावर ग्लॉस व्हार्निशचा एक हात. पुढचा वॉश (अगदी पातळ रंग) गुळगुळीत पृष्ठभागावरच नीट वाहतो, मॅटवर तो डाग पाडून बसतो.

वॉश म्हणजे बर्न्ट अंबर ऑइल कलर आणि किंचित काळा, दहा भाग मिनरल टर्पेंटाइनमध्ये. तो सांध्यांत, बिजागऱ्यांभोवती, जाळीत सोडायचा आणि वीसेक मिनिटांनी कापसाच्या काडीने पुसायचा. पुसताना हात वरून खालीच गेला पाहिजे, कारण पाणीही तसंच ओघळतं. आडवा हात फिरला तर तो डाग कधीच खरा वाटत नाही. हा थर मुंबईत सुकायला दोन-तीन दिवस घेतो.

रंगाचे टवके दाखवायला घरात ठेवायच्या मॉडेलवर हेअरस्प्रेची युक्ती छान चालते. गंजाचा रंग, त्यावर हेअरस्प्रे, वर ॲक्रिलिक, मग पाणी लावून ब्रशने खरवडायचं. बागेतल्या इंजिनावर ती करू नये. ॲक्रिलिकखाली उरलेला हेअरस्प्रे पाण्यात विरघळणारा असतो. एखाद्या टवक्यातून पावसाचं पाणी आत गेलं की अख्खा रंग सुटतो. त्याऐवजी गंजाच्या रंगावर मास्किंग फ्लुइडचे स्पंजने ठिपके द्यावेत, वर हिरवा मारावा आणि सुकल्यावर खालचं फ्लुइडचं रबर चोळून काढावं. मध्ये काहीच राहत नाही. आणखी बारीक टवके भांडी घासायच्या स्पंजच्या तुकड्याने, जवळजवळ कोरड्या रंगाने. जागा मोजक्याच. पायरीच्या कडा, दाराची खालची बाजू, बफर-पट्टीचे कोपरे, इंधन भरायच्या झाकणाभोवतीचा भाग. बॉनेटच्या मधोमध टवका पडायला काही कारण नसतं.

गंज तीन छटांत येतो. जुना बर्न्ट अंबरचा, त्यावर बर्न्ट सिएन्ना, आणि नारिंगी अगदी टिंबाएवढा, जिथे ओल आजही टिकते तिथेच. नवखे लोक सगळीकडे नारिंगी लावतात. छपराच्या पन्हाळीखाली, रिव्हेटच्या खाली, पायरीच्या मागच्या कोपऱ्यात गंज असतो. चाकाच्या धावेवर नसतो, तिथे धातू चकाकतो. चाकांच्या बाजूंना आणि ब्रेक ब्लॉकभोवती तांबूस तपकिरी भुकटी असते; ती ओतीव लोखंडाच्या ब्रेकची. धुराड्याभोवती काजळी मॅट काळी, किंचित करडी. शंटर दोन्ही दिशांना चालतं, त्यामुळे ती छपरावर दोन्हीकडे पसरते. इंधनाच्या झाकणाखालचा ओघळ मात्र गडद आणि चकचकीत हवा, मॅट व्हार्निशनंतर त्यावर ब्रशने ग्लॉस द्यावा. दांड्या आणि पायरीच्या कडा ६बी पेन्सिलीने घासाव्यात, हाता-पायांनी झिजलेलं लोखंड तसंच दिसतं.

राहिली धूळ, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. माथेरानची माती जांभ्याची, तांबडी. डोंगरावरून माती आणण्याची गरज नाही. तो पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित प्रदेश आहे, आणि गेरू प्रत्येक बाजारात मिळतो. तीन भाग गेरू, एक भाग पिवडी, चिमूटभर काजळी, मलमलीच्या फडक्यातून दोनदा गाळून घ्यायचं. कुठलीही खरी माती वापरली तर आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक तीत फिरवावं. बेसॉल्टपासून झालेल्या मातीत चुंबकाला धरणारे काळे कण असतात; ते मोटरच्या चुंबकांकडे ओढले जातात आणि आतून तिला खातात.

धूळ लावण्याआधी महिना ठरवावा. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा साधारण १५ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतो. मार्चमधल्या इंजिनाच्या आडव्या पृष्ठभागांवर कोरडी फिकट धूळ बसलेली असते, पायऱ्यांवर बुटांचे ठसे, उभ्या बाजू त्या मानाने स्वच्छ. ऑक्टोबरच्या शेवटी कामाला लागलेल्या इंजिनाच्या खालच्या भागावर चिखलाचे शिंतोडे वाळलेले असतात, छप्पर धुतलेलं असतं, फटींत हिरवट झाक असते. दोन्ही एकत्र केलं की इंजिन नुसतं घाणेरडं दिसतं. मी मार्च धरला. मॅट व्हार्निशवर मऊ ब्रशने धूळ पसरायची, मग टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या ब्रशचं टोक कडेला नुसतं टेकवायचं. द्रव आपणच पसरतो आणि धूळ धरून ठेवतो. मध्ये ब्रश फिरवला तर लाटा उमटतात. शेवटी ३० सें.मी. वरून मॅट व्हार्निशचे दोन अगदी हलके हात. त्याने जवळपास निम्मी धूळ दिसेनाशी होते आणि उरलेली गडद होते, म्हणून आधी डोळ्याला थोडी जास्त वाटेल एवढीच लावावी. चाकांच्या धावा मग टर्पेंटाइनने पुसून घ्याव्यात.

रिमोटचा रिसीव्हर आणि मोटरचा स्पीड कंट्रोलर छपराखाली उंच बसवावेत, वायरींचे जोड सिलिकॉनने झाकावेत. कंट्रोलर ५ अँपिअरचा घ्यावा, कारण अडकलेली मोटर चालत्या मोटरच्या कित्येक पट प्रवाह ओढते. गच्चीवर रूळ टाकताना दर तीन फुटांना मि.मी. भर फट ठेवावी. कबुतरांची विष्ठा रंगाला खाते, दिसली की लगेच ओल्या फडक्याने पुसावी, वाळू देऊ नये.

इंजिन ठेवताना सेल काढून, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह हवाबंद डब्यात. पावसाळा संपला की साखळी आणि गिअर टर्पेंटाइनने धुऊन नवं ग्रीस लावावं, बुशांना तेलाचा एकेक थेंब. खडीच्या डब्यांना तीच गेरूची धूळ, त्याच मिश्रणातली, पण आतून करडी, कारण खडी बेसॉल्टची असते. आणि डब्यांच्या वरच्या कडांना पेन्सिलीचा हात जरा जोरात, फावडी तिथेच घासतात.